कारण : सुकट

मला चारचौघांत बोलता येत नाही. बचत गटाच्या बैठकीत मी कोपऱ्यात चटईचा काठ धरून बसते आणि सह्या सुरू झाल्या की उठून सही करते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर वळणदार आहे. तालुक्याहून एका संस्थेच्या ताई रेशनच्या धान्याचे छापील कागद घेऊन आल्या तेव्हा गटातल्या बायांनी माझ्याकडे बोट दाखवलं. घरोघरी जायचं, कागदावरचे प्रश्न विचारायचे, कुठलं घर धान्याला पात्र होऊ शकतं ते बघायचं आणि नियमात बसत असेल त्याचा अर्ज भरून द्यायचा. मी मानेनेच नको म्हटलं. गटाची अध्यक्षीण म्हणाली, "हिलाच द्या. ही एका घरातलं दुसऱ्या घरात नाय सांगायची. हिला सांगताच येत नाय." सगळ्या हसल्या. हसणं थांबलं तेव्हा कागदांची चळत माझ्या मांडीवर होती.

हे मी मुलीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. दाखवायचं कोणालाच नाही, म्हणून सगळं लिहिते.

प्रश्न सोपे होते. घर कसलं, माणसं किती, पगार येतो का, चारचाकी आहे का. उत्तरापुढे फक्त बरोबरची खूण करायची. पहिल्याच घरी चारचाकीचं विचारलं तर तिथल्या काकू म्हणाल्या, "हाय, लिव." अंगणात तीन कोंबड्या आणि एक मोडकी सायकल होती. मी पेन उघडून तशीच उभी राहिले. तेव्हा त्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अगं, पोरीला बघाया पोशिरची माणसं यायचीत. हा कागद फिरत फिरत त्यांच्या हातात गेला तर? चारचाकी लिव. फ्रीज लिव. मोठावाला लिव."

"काकू, मग धान्य नाय मिळणार."

"पोरगी सासरी गेल्यावर खोड नि मग."

नदीकडच्या फार्महाऊसवर राखणदार आहे. बायको आणि दोन मुली घेऊन तो पंपाच्या खोलीत राहतो. त्याला खोल्या किती विचारलं तर म्हणाला, अकरा. कागदावर विचारलेलं नव्हतं तरी पोहायचा तलावही त्याने सांगितला. मी पंपाच्या खोलीकडे नुसतं बघितलं. तो म्हणाला, "पत्ता बंगल्याचाच हाय ना माझा? आणि अकराच्या अकरा खोल्या मीच झाडतो. खोटं कशाला सांगू?" त्याचा कागद मला तीनदा लिहावा लागला.

पण मला सांगायचं आहे ते आमच्या आळीतल्या काकींचं. माझ्या घरापासून त्यांचं घर चौथं. काकी सत्तरीच्या पुढच्या. मुलगा खोपोलीकडे एका कंपनीत कामाला जातो. तो, त्याची बायको आणि नातवंडं पुढच्या घरात राहतात आणि काकी मागच्या पडवीत. तिथे त्यांची चूल, दोन टोपं, एक तवा आणि भाताची लहानशी कणगी.

भांडण म्हणाल तर नाही. चार वर्षांपूर्वी मुलाने आणि सुनेने माळ घातली. माळ घातली की घरात मासळी-मटण शिजत नाही. काकींनाही माळ घाला म्हणून खूप सांगितलं. काकी म्हणाल्या, "नवरा गेला, दात गेले, गुडघे गेले. सुकट तेवढी ऱ्हायली. तीबी सोडू?" आणि आपणहून आपला तवा उचलून पडवीत गेल्या. मुलाने स्वतः माती आणून आईला चूल घालून दिली. तेव्हापासून सासू-सून एकमेकींच्या वेण्या घालतात, एका उखळीवर कांडतात, पण भांडं या घरातून त्या घरात जात नाही.

गुडघे चालत होते तोवर काकी लोकांच्या लावणी-कापणीला जायच्या आणि भात घेऊन यायच्या. गेल्या वर्षापासून ते बंद झालं. यंदा मुलालाही कंपनीने महिन्यातले निम्मे दिवस घरी बसवलं. सून रोज विचारायची, "आये, भात देऊ का?" काकी आतून म्हणायच्या, "जेवले मी." एकदा मी कागद घेऊन गेले तेव्हा त्या पेज पीत होत्या. त्या पेजेत मला टोपाचा तळ दिसला. कणगीवरचं फडकं सारलं तर आत सुपभर भात. काकींनी फडकं परत ओढलं आणि म्हणाल्या, "कुनाला बोलू नको. पोराला तीन तोंडं हायत आधीच."

संस्थेच्या ताईंनी मला नियम समजावला होता. कार्ड चुलीचं असतं. काकींचं नाव मुलाच्या कार्डावर, मुलाला कंपनीचा पगार, म्हणून त्या कार्डावर धान्य नाही. पण काकींची चूल खरोखर वेगळी आहे, म्हणजे मुलाच्या कार्डातून नाव कमी करून त्यांचं एकटीचं कार्ड होऊ शकतं. आणि एकट्या म्हाताऱ्या बाईला धान्य मिळतं. मी घरी येऊन अर्ज लिहायला बसले. सगळं नीट झालं. एका ओळीवर पेन थांबलं. विभक्त होण्याचे कारण.

मी खरं ते लिहिलं. सुकट.

तालुक्याच्या कचेरीतल्या खिडकीपलीकडच्या भाऊसाहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"ताई, हे काय आहे?"

मी म्हटलं, "मासळी."

"ते कळलं. कारण काय आहे?"

मी अर्जावरच्या त्याच शब्दावर पुन्हा बोट ठेवलं. मागे रांग होती. ते तसे चांगले गृहस्थ होते, खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघा, मुलगा सांभाळत नाही असं लिहा. नाहीतर सुनेशी पटत नाही लिहा. सगळे तेच लिहितात. वर कोणी विचारत नाही. सुकट लिहिलंत तर मला विचारतील."

मी अर्ज परत आणला. पडवीत बसून काकींना सांगितलं. त्या चुलीत फुंकर घालत होत्या, ती फुंकणी त्यांनी खाली ठेवली.

"माझा पोर मला सांभाळत नाय?"

"असं लिवायचं फक्त."

"कोन म्हनतो? त्याला आन हितं. ही चूल त्यानंच घातलीय. असं लिवून दिलेला तांदूळ माझ्या घशाखाली उतरंल का गं? पेज पीन मी. नायतर पानी पीन."

आवाज ऐकून मुलगा पुढच्या दाराने आला. त्याला कामाला सुट्टीच होती. सगळं ऐकून तो म्हणाला, "आये, लिव की. मला काय होतंय? कागदावरच हाय ते."

"तू गप रं!"

मग सून आली. पदराला हात पुसत म्हणाली, "वयनी, यांचं नाव नको. कंपनीत कळलं तर? माझं लिवा. सून छळते लिवा. सुनेचं कोनालाबी खरं वाटतं."

"छळते?" काकी उठूनच उभ्या राहिल्या. गुडघे दुखतात हेही विसरल्या. "रोज माझे पाय चेपते नि छळते लिवू? देव बघतो गं वरून."

"आये, दोन शब्द तर हायत!"

"मग तुझ्या आयशीला सांग लिवाया!"

"माझ्या आयशीचं नाव नाय काढायचं, सांगून ठेवते!"

आणि जे चार वर्षांत झालं नव्हतं ते झालं. मायलेक आणि सासूसून, तिघं एकमेकांवर ओरडायला लागली. मुलगा म्हणत होता, वाईट मीच. सून म्हणत होती, नाही, मी. काकी म्हणत होत्या, माझ्या घरात वाईट कोणीच नाही, आणि असं कोणी म्हणालं तर मी विहिरीवर जाऊन बसेन. आळी गोळा झाली. समोरचा तात्या कुंपणावर हात टेकून मला म्हणाला, "आता तर झालं ना भांडन? सगळ्यांनी ऐकलं. लिवून टाक."

काकी त्याच्यावर वळल्या. "ह्ये भांडन फॉर्मासाठी नाय! ह्ये आमचं हाय!"

दोन दिवस सासू-सून बोलत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी सून आपणहून वेणी घालायला बसली. मी तोच अर्ज परत कचेरीत नेला. 'सुकट' या शब्दापुढे नीट वाक्य लिहिलं होतं. सासू सुकी मासळी खाते, मुलगा व सून माळकरी आहेत, भांडण नाही, चूल वेगळी आहे. भाऊसाहेबांनी सुस्कारा टाकला. म्हणाले, "ठीक आहे. साहेब येऊन चूल बघतील. त्यांना पटलं तर पटलं."

साहेब येणार ही बातमी आळीत लग्नाच्या बातमीसारखी फिरली. सकाळी मी गेले तर पडवी ओळखू येईना. सुनेने जमीन सारवली होती, चुलीला शेणामातीचा हात दिला होता, वर झेंडू वाहिला होता. राख सगळी भरून टाकलेली. काकींची काळी टोपं आणि तवा साहेबांना दिसायला नको म्हणून ती भांडी घासून पुढच्या घरात तिच्या फळीवर मांडली होती. सुकटीचा पत्र्याचा डबा तिने माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वयनी, एवढा तुमच्याकडं ठेवा. साहेब कोनत्या जातीचं, काय खातात, काय म्हाईत. वास नको." मी नेऊन माझ्या घरात ठेवला. चूल अशी दिसत होती, जणू तिच्यावर कधी काही शिजलंच नाही. मला ते दिसत होतं. पण पाहुण्याच्या तयारीत लागलेल्या बाईला, हे सगळं उलटं होतंय, असं सांगायचं कसं?

साहेब आले. तरुण होते, पाठीला पिशवी, हातात मोबाईल. त्यांनी चूल बघितली. बोट फिरवून बघितलं, बोटाला काजळीसुद्धा लागली नाही.

"आजी, इथे तुम्ही स्वयंपाक करता?"

"व्हय."

"भांडी कुठे आहेत?"

काकी सुनेकडे बघायला लागल्या. सून अभिमानाने म्हणाली, "आत मांडलीत साहेब. आमच्याच फळीवर."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग कुंपणापाशी जमलेल्यांना विचारलं, हे कुटुंब एकत्र आहे की वेगळं. तात्या सगळ्यांच्या पुढे आला. त्याला वाटलं, घराची अब्रू विचारताहेत. "साहेब, असं एकोप्याचं घर तालुक्यात दाखवा तुमी. सासूसुनेचा आवाज नाय कधी."

"परवा झाला की," कोणीतरी मागून म्हणालं.

"तो वेगळा. साहेब, मायलेक एका ताटात जेवतात म्हना ना."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी काकींकडे बघितलं. वाटलं, आता तरी बोलतील. पण इतक्या लोकांसमोर, मुलगा शेजारी उभा असताना, त्या पदर नीट करत म्हणाल्या, "एकच घर हाय साहेब. वेगळं कशाला असंल?"

साहेब म्हणाले, "मग आजी, अर्ज कशाला केलात?" आणि त्यांनी फाईलची नाडी बांधायला घेतली.

मला अजून कळत नाही मी काय केलं. चारचौघांत बोलणं माझ्याच्याने होत नाही. म्हणून मी घरी पळत गेले, डबा आणला आणि साहेबांच्या समोर, सारवलेल्या जमिनीवर ठेवून झाकण उघडलं.

वास सुटला. सून चटकन पदर नाकाला लावून अंगणात गेली. मुलगा दोन पावलं मागे सरला, तिथून तीन, मग तोही अंगणात गेला. साहेब मात्र वाकले. चिमूटभर उचलून हुंगत म्हणाले, "सुकट? अस्सल आहे. आमच्या गावी समुद्रावर वाळवतात." मग इकडे तिकडे बघितलं. पडवीत साहेब, काकी, डबा आणि मी एवढीच राहिलो होतो. दोघं माळकरी अंगणात नाक धरून उभे.

"आजी," साहेब म्हणाले, "करून दाखवा बरं. नेहमी करता तशी."

मी आतून काकींचा तवा आणला. झेंडू काढून चूल पेटवली. काकींनी कांदा चिरला, मिरची टाकली, सुकट परतली. हात कसे सरावाने चालत होते. पडवी धुराने भरली आणि चूल पुन्हा चुलीसारखी दिसायला लागली. साहेबांनी फोटो काढले. सुनेला हाक मारून म्हणाले, "वहिनी, हा तवा आता तुमच्या फळीवर मांडता ना?"

सून घाबरून म्हणाली, "छ्या साहेब! सकाळी मांडला होता तो घासून, गोमूत्र शिंपडून. आता कसा चालंल?"

साहेबांनी लिहिलेलं एक वाक्य खोडलं. मग काकींना म्हणाले, "आजी, चटणी अशीच खाऊ होय? भाकरी टाका एखादी."

काकींचा हात तव्यावर थांबला. त्या कणगीकडे गेल्याच नाहीत. पिठाच्या डब्याकडेही गेल्या नाहीत. अंगणातून सून म्हणाली, "थांबा साहेब, मी आनते, माझ्या सकाळच्या हायत."

"नको!" काकी एवढ्या जोरात म्हणाल्या की साहेबांचा मोबाईल हातातून सुटता सुटता राहिला. "तुझी भाकर हितं आली तर चूल एक व्हईल!"

साहेब उठले आणि कणगीवरचं फडकं त्यांनी बाजूला केलं. आत काहीच नव्हतं. त्या दिवशीचं सुपभरही नव्हतं. त्यांनी फोटो काढला नाही. फडकं परत नीट घातलं, खाली बसले, तळहात पुढे केला आणि काकींनी वाढलेली चटणी तशीच नुसती खाल्ली. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तरी पाणी मागितलं नाही.

मुलगा अंगणातून पडवीच्या उंबऱ्याशी आला होता. वास होता तरी आला. तो कणगीकडे बघत होता. म्हणाला, "आये, तू तर जेवले म्हनायचीस."

काकी म्हणाल्या, "तिखट झालीय का साहेब?"

जाताना साहेबांनी मला कागद वाचून दाखवला. प्रत्यक्ष पाहणी केली. आहार वेगळा असल्याने चूल वेगळी. धान्य आढळले नाही. 'सुकट' हा शब्द त्यांनी कंसात का होईना, ठेवला होता.

त्या संध्याकाळी मुलाने अर्धं पोतं तांदूळ आणून कणगीत ओतला. काकींनी त्याच्या मागे लागून तो परत भरायला लावला. "साहेब उद्या परत आला तर? धान्य आढळलं नाय असं लिवलंय त्यानं. त्याला खोटं पाडू?" बरीच वादावादी झाल्यावर ते अर्धं पोतं माझ्या घरी आलं. पुढचे काही आठवडे काकी रोज वाटी घेऊन माझ्याकडे यायच्या आणि आपल्याच मुलाचा तांदूळ पदराखाली लपवून न्यायच्या. मुलाने दिलेलं त्या चार वर्षांत पहिल्यांदाच खात होत्या, पण माझ्या घरातून.

मग कार्ड आलं. आता पूर्वीसारखं पुस्तक मिळत नाही, छापलेला एक कागद असतो. मी तो पडवीत नेला. कुटुंबप्रमुखाच्या जागी काकींचं नाव, माणसं एक. काकींनी हात पुसले पण कागद घेतला नाही.

"वाच."

मी वाचलं.

"पोराचं नाव कुठं हाय?"

"नाय."

"कारन लिवलंय?"

"कारणाची जागाच नाय काकी ह्याच्यावर."

"मागं बघ."

मागे कोरं होतं. काकींनी बोट कागदाच्या कोपऱ्यावर ठेवलं, तिथे काळ्या ठिपक्यांचा चौकोन असतो तो. "ह्याच्यात काय लिवलंय?"

"ते मशीनला वाचता येतं."

"मशीन काय वाचतंय? पोर सांभाळत नाय असं वाचतंय का?"

मी घरी जाऊन मुलीचा मोबाईल आणला. चौकोनावर धरला. काकी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मोबाईलवर आलं ते मी एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. काकींचं नाव, गावाचं नाव आणि एक लांबलचक आकडा.

"एवढंच?"

"एवढंच."

"परत वाच."

मी परत वाचलं. काकींनी कागद हातात घेतला, घडी न घालता पिशवीत ठेवला आणि खुंटीवरची काठी काढली.

"मग चल," त्या म्हणाल्या. "दुकान बंद व्हईल."